झेनर डायोड सगळ्यांना माहीत, पण झेनर कोण होते?

कांजूरमार्ग स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं, बाहेर येऊन रिक्षा पकडायची आणि पवईच्या आयआयटीचं मेन गेट गाठायचं. १९५८ साली आयआयटी मुंबई सुरू झाली, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या या भागातून गेल्या असतील. त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत एक ग्राफ हमखास सापडेल. उजवीकडे वर जाणारी रेघ आणि डावीकडे अचानक खाली कोसळणारी रेघ. झेनर डायोडचा ग्राफ. बारावीला फिजिक्स घेतलेल्यांनाही तो आठवत असेल.

हा डायोड उलट्या बाजूने जोडला की एका ठरावीक व्होल्टेजला वीज सोडायला लागतो आणि ते व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो. म्हणून चार्जरपासून टीव्हीपर्यंत अनेक सर्किटांमध्ये तो बसलेला असतो.

आता गंमत बघा. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन १२ व्होल्टचा झेनर मागितला, तर दुकानदार काही रुपयांत हातात ठेवतो. पण त्या डायोडमध्ये झेनर यांनी सांगितलेली क्रिया जवळजवळ घडतच नाही. साधारण ५ व्होल्टच्या वरच्या डायोडमध्ये मुख्य काम वेगळ्याच क्रियेचं असतं. नाव मात्र झेनरच राहिलं.

ज्या माणसाचं नाव असं जगभर पोहोचलं, त्याची खरी मोठी कल्पना दुसरीकडेच होती. ती मँगनीजच्या एका काळ्या ऑक्साइडबद्दल होती. ती बरोबर निघाली, पण अर्धीच. उरलेला अर्धा भाग सापडायला जवळपास पन्नास वर्षं लागली, आणि तोपर्यंत झेनर गेले होते.

प्रयोगशाळेत न रमणारा शास्त्रज्ञ

क्लॅरेन्स झेनर यांचा जन्म १ डिसेंबर १९०५ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. पदवी स्टॅनफर्डची, १९२६ ची. १९२९ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी, एडविन केंबल यांच्या हाताखाली. पुंजयांत्रिकी म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचं होतं. अमेरिकेत ते शिकवू शकणारे लोक मोजकेच होते आणि केंबल त्यातले एक.

१९३२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, झेनर यांनी एक सूत्र मांडलं. अणूंच्या दोन ऊर्जापातळ्या एकमेकींच्या अगदी जवळ येतात तेव्हा इलेक्ट्रॉन आपली पातळी सोडून दुसरीवर उडी मारेल का, याची शक्यता त्यातून काढता येते. रशियात लेव लँडाऊ यांनीही त्याच वर्षी तेच काढलं होतं. लँडाऊ-झेनर सूत्र आज क्वांटम कॉम्प्युटरवर काम करणारेही वापरतात.

मग ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेले. तिथे १९३४ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध पेपर लिहिला. प्रश्न साधा होता: वीज न वाहू देणाऱ्या पदार्थावर खूप जास्त व्होल्टेज टाकलं तर तो अचानक हार का मानतो? झेनर यांचं उत्तर होतं की जोरदार विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन मधली ऊर्जेची भिंत ओलांडत नाहीत, ते तिच्या आरपार निघतात. यालाच टनेलिंग म्हणतात.

या पेपरात डायोड कुठेच नव्हता. तसला डायोड तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पुढे बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टरवर काम करणाऱ्या विल्यम शॉक्ली आणि सहकाऱ्यांना जर्मेनियमच्या जोडात उलटी वीज अचानक वाहताना दिसली. त्यांना झेनर यांचा पेपर आठवला आणि १९५१ मध्ये त्यांनी त्या प्रवाहाला झेनर यांचं नाव दिलं. तीनच वर्षांत, १९५४ मध्ये, बेल लॅब्जच्याच के. जी. मके यांनी दाखवलं की बहुतेक ठिकाणी हे टनेलिंग नसून इलेक्ट्रॉनची हिमस्खलनासारखी साखळी असते. एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याला ढकलून मोकळा करतो, ते दोघं आणखी दोघांना. पण तोवर नाव रुळलं होतं.

झेनर यांना प्रयोगाची आवड नव्हती. उपकरणं जोडण्यात त्यांचं मन रमायचं नाही. कागद, पेन्सिल आणि कारखान्यातून किंवा लष्करातून आलेला एखादा खराखुरा प्रश्न, एवढं त्यांना पुरायचं. शुद्ध सिद्धान्ताच्या बाबतीत त्यांनी स्वतःची मर्यादाही ओळखली होती. एकदा रॉबर्ट ओपेनहायमर यांच्यासोबत जेवायला बसल्यावर त्यांना कळून चुकलं की मूलभूत भौतिकशास्त्रात या माणसाशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. असं कबूल करणारे शास्त्रज्ञ फार नसतात.

मधली वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवण्यात गेली. दुसऱ्या महायुद्धात ते वॉटरटाउनच्या लष्करी कारखान्यात होते. चिलखत आणि तोफगोळ्यांचं पोलाद जोराच्या आघाताला कसं वागतं, हा तिथला विषय. त्या काळातलं झेनर-हॉलोमन सूत्र धातू तापवून आकार देणारे इंजिनिअर आजही वापरतात. १९४५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले.

तो १९५१ चा पेपर

इथून खरी गोष्ट सुरू होते. तिची सुरुवात मात्र नेदरलँड्समधल्या आइंडहोवनची.

तिथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत जी. एच. योंकर आणि जे. एच. व्हॅन सँटन चुंबकीय ऑक्साइड बनवत होते. त्यांनी लँथॅनम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग घेतलं आणि त्यातल्या काही लँथॅनमच्या जागी कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम घातलं. या कुटुंबाला मँगनाइट म्हणतात. १९५० मध्ये त्यांनी जाहीर केलेली गोष्ट विचित्र होती. नुसतं लँथॅनम असेल तर पदार्थ वीज वाहू देत नाही. साधारण तीस टक्के जागी कॅल्शियम घातलं आणि पदार्थ थंड केला, की तो लोखंडासारखा चुंबक बनतो. आणि ज्या तापमानाला चुंबक बनतो, साधारण त्याच तापमानाला तो वीजही चांगली वाहू देतो.

मँगनीज आपल्याला परकं नाही. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मॉइल कंपनीच्या त्याच्या खाणी आहेत. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी वापरलं जातं. पण चुंबकत्व आणि वीज एकाच वेळी का यावी, हा प्रश्न खाणवाल्यांना पडायचं कारण नव्हतं. झेनर यांना तो पडला.

त्यांचं उत्तर असं होतं. या पदार्थात मँगनीजचे अणू दोन प्रकारचे असतात. एकाकडे एक इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्याकडे एक कमी. मध्ये ऑक्सिजन बसलेला. जास्तीचा इलेक्ट्रॉन शेजारच्या मँगनीजकडे जायला बघतो, पण वाटेत ऑक्सिजनची जागा भरलेली आहे. मग एकाच क्षणी दोन गोष्टी घडतात. ऑक्सिजनवरचा एक इलेक्ट्रॉन पलीकडे उतरतो आणि अलीकडचा त्याच्या जागी चढतो. दादरला गर्दीच्या लोकलमध्ये एका दाराने लोक उतरतात आणि दुसऱ्या दाराने चढतात, डबा भरलेलाच राहतो, तसं. दोन अदलाबदली एकदम, म्हणून नाव डबल एक्स्चेंज.

यात एक अट आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा छोटा चुंबक असतो, त्याला दिशा असते. तिला स्पिन म्हणतात. शेजारच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनची स्पिन त्याच दिशेला असेल तरच आपला इलेक्ट्रॉन तिकडे सहज उतरू शकतो. दिशा उलटी असेल तर तिथे जायला बरीच ऊर्जा मोजावी लागते. इलेक्ट्रॉनला हिंडायला मिळालं की पदार्थाची एकूण ऊर्जा कमी होते. म्हणून सगळे अणू एका दिशेला वळणं पदार्थालाच परवडतं. सगळे एका दिशेला वळले म्हणजे चुंबक. आणि वळले की इलेक्ट्रॉन मोकळे धावतात, म्हणजे वीज.

चुंबकत्व आणि वीज यांची गाठ एका कल्पनेत बसली. हे सगळं फिजिकल रिव्ह्यूमध्ये १९५१ मध्ये छापून आलं. बेल लॅब्जवाल्यांनी झेनर यांचं नाव त्या उलट्या प्रवाहाला दिलं तेही हेच वर्ष. दोन्हींपैकी एकच गोष्ट शाळा-कॉलेजांत पोहोचली.

विद्यार्थ्याचं नाव गुडइनफ

शिकागोत झेनर यांच्याकडे एक विद्यार्थी आला होता. युद्धात हवामानखात्यात काम करून आलेला, म्हणून वर्गातल्या इतरांपेक्षा मोठा. जॉन गुडइनफ. गुडइनफ यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, पहिल्याच भेटीत झेनर यांनी त्यांना दोन कामं दिली. पहिलं, संशोधनासाठी प्रश्न शोध. दुसरं, तो सोडव. एवढं सांगून विद्यार्थ्याला वाटेला लावलं. आजच्या गाइडबद्दल तक्रारी करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

१९५२ मध्ये गुडइनफ यांची पीएचडी झाली. तोवर झेनर विद्यापीठ सोडून पिट्सबर्गला वेस्टिंगहाऊस कंपनीत गेले होते, आणि तिथे ते संशोधनाचे संचालक झाले. मँगनाइटचा प्रश्न त्यांच्याकडून मागे पडला. तो विद्यार्थ्याने उचलला. १९५५ मध्ये गुडइनफ यांनी याच मँगनाइटवर मोठा पेपर लिहिला. कॅल्शियमचं प्रमाण बदललं की अणूंची मांडणी आणि स्पिनची नक्षी कशी बदलते, ते त्यांनी सांगितलं. काही प्रमाणांना पदार्थ चुंबक होतच नाही. शेजारी-शेजारी अणूंची तोंडं उलट राहतात आणि वीज अडते.

हेच गुडइनफ पुढे ऑक्सफर्डला गेले आणि १९८० मध्ये त्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची बॅटरी मांडली. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यातल्या बॅटरीचं मूळ तिथे आहे. २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

१९५५ मध्येच आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे हवं तितकं लक्ष गेलं नाही. ओक रिजच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट वोलन आणि वॉलेस कोलर यांनी मँगनाइटवर न्यूट्रॉन सोडले. न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून आतल्या स्पिनची नक्षी कळते. काही नमुन्यांत त्यांना दोन्ही खुणा एकदम दिसल्या, सगळे एका दिशेला असल्याचीही आणि शेजारी उलटे असल्याचीही. एकच दगड एकाच वेळी चुंबक आहे आणि नाही.

याचे दोन अर्थ निघत होते. एक, सगळेच स्पिन थोडे तिरके झालेत. १९६० मध्ये पिएर-जिल द जेन यांनी हे सुंदर गणितात बसवलं. दुसरा, दगडाचे काही तुकडे एका प्रकारचे आणि काही दुसऱ्या प्रकारचे आहेत, म्हणजे तो आतून विभागलेला आहे. झेनर यांच्या कल्पनेत पूर्ण पदार्थ सगळीकडे सारखाच असतो, असं गृहीत होतं. बहुतेकांना तिरक्या स्पिनचं उत्तर पटलं आणि विषय थंडावला.

वेस्टिंगहाऊसनंतर

झेनर यांच्या पुढच्या आयुष्यात मँगनीज नाही. वेस्टिंगहाऊसमध्ये असताना त्यांनी उष्णतेपासून थेट वीज बनवणाऱ्या पदार्थांचा पाठपुरावा केला. इंजिनिअरिंगच्या डिझाइनमध्ये खर्च कमीत कमी कसा ठेवायचा, यासाठी त्यांनी एक गणिती पद्धत काढली. रिचर्ड डफिन आणि एल्मर पीटरसन यांच्यासोबत तिच्यावर १९६७ मध्ये पुस्तक आलं. थोडा काळ टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डीन झाले आणि १९६८ मध्ये पिट्सबर्गलाच, कार्नेगी मेलनमध्ये, परत आले. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा ते समुद्राकडे वळले. उष्ण कटिबंधात समुद्राचं वरचं पाणी कोमट आणि खोलवरचं थंडगार असतं. त्या फरकावर वीज बनवता येईल, हे त्यांनी वर्षानुवर्षं मांडलं.

२ जुलै १९९३ रोजी ते वारले. वय ८७.

त्याच वर्षी जर्मनीतून एक पेपर आला. आर. फॉन हेल्मोल्ट आणि सहकाऱ्यांनी मँगनाइटचा पातळ थर बनवून त्याला चुंबकापाशी नेलं आणि त्याचा विद्युतरोध प्रचंड घसरला. पुढच्या वर्षी बेल लॅब्जच्या सुंगहो जिन यांच्या गटाने लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटच्या थरात, उणे १९६ अंश सेल्सियसला आणि ६ टेस्लाच्या क्षेत्रात, रोध हजार पटींहून जास्त घसरल्याचं दाखवलं. याला कलोसल मॅग्नेटोरेझिस्टन्स हे नाव पडलं. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांचे कान टवकारले, आणि जगभरातल्या प्रयोगशाळांनी झेनर यांचा बेचाळीस वर्षं जुना पेपर पुन्हा बाहेर काढला.

पातळ थरात काय दिसलं?

हे थर बनवायची पद्धत बघण्यासारखी आहे. मँगनाइटची दाबून भाजलेली गोल वडी निर्वात डब्यात ठेवतात. तिच्यावर लेझरचे झटके मारतात. प्रत्येक झटक्याला वडीतून ज्वाळेसारखी वाफ उठते आणि समोरच्या तापलेल्या स्फटिकावर जाऊन बसते. थराची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजायची. खालच्या स्फटिकाचे अणू थोडे दूर असतील तर वरचा थर ताणला जातो, जवळ असतील तर दाबला जातो. मँगनाइटमध्ये चुंबक होणं आणि न होणं यांच्यातला फरक इतका नाजूक असतो की एवढ्याशा ताणानेही पारडं फिरतं.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीतही नव्वदच्या दशकात मँगनाइटवर काम झालं. पुण्याचे सतीशचंद्र ओगले तेव्हा अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात या थरांवर काम करत होते.

थर हातात आले आणि झेनर यांच्या चित्रातली फट दिसायला लागली. १९९५ मध्ये अँड्र्यू मिलिस, पीटर लिटलवूड आणि बोरिस श्राइमन यांनी हिशेब करून सांगितलं की नुसत्या डबल एक्स्चेंजने एवढा मोठा बदल येणं शक्य नाही. अणूंची जाळीही वाकते आणि इलेक्ट्रॉनला अडकवते, ते धरायला हवं.

मग १९९८ मध्ये फ्लोरिडातून एल्बिओ डागोटो, अद्रियाना मोरेओ आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांनी झेनर यांच्या कल्पनेवर बेतलेली समीकरणं कॉम्प्युटरवर चालवली. निघालेलं उत्तर असं की काही परिस्थितीत ती समीकरणं स्वतःच पदार्थाचे दोन भाग पाडतात. इलेक्ट्रॉन भरपूर असलेला एक भाग आणि कमी असलेला दुसरा. म्हणजे झेनर यांना जे दिसलं नाही, ते त्यांच्याच कल्पनेच्या पोटात होतं. १९५१ मध्ये ते मोजायला कॉम्प्युटर नव्हता.

प्रत्यक्ष पुरावा १९९९ मध्ये आला. उएहारा, मोरी, चेन आणि चोंग यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मँगनाइटमध्ये वीज वाहणारे आणि न वाहणारे ठिपके शेजारी-शेजारी बघितले. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने लँथॅनम-कॅल्शियमच्या पातळ थरावर अतिसूक्ष्म सुई फिरवली आणि ढगांसारखे डाग टिपले. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की वीज वाहणारे डाग मोठे होत होते.

मुंबईकराला हे समजायला सोपं आहे. जुलैत पाणी भरलेला रस्ता डोळ्यांसमोर आणा. पाणी ओसरायला लागतं तशी मधे-मधे कोरडी बेटं वर येतात. अर्धा रस्ता कोरडा झाला तरी पलीकडे जाता येत नाही, कारण बेटं सुटी असतात. मग आणखी थोडं पाणी उतरतं, दोन बेटं जोडली जातात आणि अचानक वाट तयार होते. थरातले चुंबकीय डाग ही ती कोरडी बेटं. चुंबक जवळ आणला की बेटं किंचित फुगतात, एकमेकांना टेकतात आणि वीज या टोकाकडून त्या टोकाला निघते. रोध हजार पटींनी का कोसळतो, याचं मोठं कारण यात आहे. शिवाय पाणी भरताना आणि ओसरताना वाट एकाच पातळीला बंद-चालू होत नाही. तसंच थर थंड करताना आणि तापवताना रोधाच्या दोन वेगळ्या रेघा मिळतात.

ती बेटं जोडली जाताना टिपणारी चित्रं २००२ मध्ये सायन्समध्ये छापून आली. लँथॅनम, प्रेझिओडिमियम आणि कॅल्शियमच्या मँगनाइटचा पातळ थर, आणि त्यावरून फिरणारी चुंबकीय सुई. थंड करताना डाग वाढत जातात, आणि ते जोडले जातात तेव्हा रोध खाली येतो. हार्ड डिस्कवाल्यांना मात्र यातून फारसं मिळालं नाही, कारण हा खेळ बहुतेक कडाक्याच्या थंडीत आणि मोठ्या क्षेत्रातच रंगतो. लँथॅनम-स्ट्रॉन्शियमचा थर खोलीच्या तापमानालाही चुंबक राहतो, पण तिथे हा बदल लहान असतो.

ही सुई ऑस्टिनमध्ये, टेक्सास विद्यापीठात फिरली होती. त्याच विद्यापीठात १९८६ पासून जॉन गुडइनफ शिकवत होते. त्या वर्षी ते ८० वर्षांचे झाले होते आणि अजून ऑक्साइडवरच काम करत होते.